दहापैकी साडेसहा

लहानपणी आमच्या वाड्यामागे एक रायवळ आंबा होता. शाळा सुटली की सगळी पोरं त्याला दगड मारायची. त्यांच्या दगडांनी कैऱ्या पडायच्या. माझ्या दगडाने कैरी तर सोडाच, शेजारच्या काकूंच्या खिडकीची काचदेखील कधी फुटली नाही. पुढे कबड्डीत मला कुणाला पाडता आलं नाही, निवडणुकीत ज्याला पाडायला मी मत दिलं तो दर वेळी निवडून आला, आणि ऑफिसात एखाद्याला तोंडघशी पाडायचं तर आधी आपलं तोंड उघडावं लागतं. थोडक्यात, वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या हातून काहीही पडलं नव्हतं.

आणि मग ३ एप्रिलला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, उजव्या हातात माऊस आणि डाव्या हातात चहा अशा अवस्थेत मी आमच्या कंपनीचं अख्खं फायनान्सचं सॉफ्टवेअर पाडलं. भोसरीचं ऑफिस, चाकणचे दोन प्लांट, रांजणगावचं गोडाऊन, सगळं एकदम आडवं. चहा मात्र सांडला नाही.

हे सॉफ्टवेअर कंपनीने किती कोटींना घेतलं ते मला सांगता येणार नाही. मी अकाउंट्सचा मॅनेजर आहे हे खरं, पण ती रक्कम सात खात्यांवर अशी काही विभागून टाकलेली आहे की ती आता कुणालाच सापडत नाही. विभागणी मीच केली होती.

ते बसवायला टाय लावलेली माणसं आली होती. "तुमची सध्याची प्रोसेस काय?" असं त्यांनी विचारल्यावर आमच्या तेव्हाच्या हेडक्लार्कनी लाल कापडी बांधणीची खतावणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिचा फोटो काढला. अडीच वर्षांनी सॉफ्टवेअर सुरू झालं तेव्हा त्या फोटोशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. खतावणीत एका वेळी एकालाच बघता यायचं. दुसऱ्याला घाई असली तर तो शेजारी उभा राहून तंबाखू मळायचा, आणि मळून होईपर्यंत पहिल्याचं काम झालेलं असायचं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणे तीनशे माणसं एकाच वेळी काम करू शकतात. हे अर्धसत्य आहे, हे मला ३ एप्रिलला कळलं. आत डेटाबेसच्या खिडक्या असतात वीस. बाकीचे दोनशे ऐंशी रांगेतच उभे असतात. आपण रांगेत आहोत हे त्यांना दिसत नाही, एवढीच काय ती प्रगती.

तर त्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"आपलं येणं किती आहे?"

"कुणाकडून, साहेब?"

"सगळ्यांकडून."

"कधीपासूनचं?"

"येणं म्हणजे येणं हो! बारा वाजता मीटिंग आहे." फोन बंद.

मी आज्ञाधारक माणूस. पार्टी कोडच्या रकान्यात स्टार दाबला. नंबरपॅडच्या वरच्या रांगेतला हा स्टार माझ्या कीबोर्डवर झिजून गुळगुळीत झाला आहे, कारण साहेबांना नेहमी सगळंच हवं असतं आणि 'सगळं' या शब्दाला कॉम्प्युटरच्या भाषेत स्टार म्हणतात. 'या तारखेपासून' इथे कंपनी स्थापन झाली ती तारीख टाकली. 'या तारखेपर्यंत' इथे काहीच टाकलं नाही, कारण 'पर्यंत' बद्दल साहेब काही बोलले नव्हते. शेवटी 'संक्षिप्त की सविस्तर' असं विचारलं होतं. मी सविस्तर निवडलं. संक्षिप्त दिलं की साहेब सविस्तर मागतात. सविस्तर दिलं की बघतच नाहीत, म्हणजे काम संपलं.

आणि बटण दाबलं.

पडद्यावर ती गोल चकती फिरू लागली. एखाद्या सूज्ञ माणसाने चहाचा घोट घेतला असता. पण लिफ्ट येत नसली तर आपण काय करतो? बटण पुन्हा दाबतो. पहिल्यांदा दाबल्याचं लिफ्टने मनावर घेतलं नसेल अशी आपल्याला शंका असते. देवळातली घंटा एकदाच वाजवून थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग ज्या तालात आपण टेबलावर बोटं वाजवतो त्या तालात दाबलं. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की चार मिनिटांत मी ते तेवीस वेळा दाबलं होतं, आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक दाबणं हा वेगळा, स्वतंत्र आणि तितकाच तातडीचा अर्ज मानला होता. माझे पहिले वीस अर्ज वीस खिडक्यांवर जाऊन मांडी ठोकून बसले. उरलेले तीन अर्ज माझ्याच मागे, माझ्याच नावाने शिव्या घालत उभे राहिले. त्यांच्या मागे चार ठिकाणांची कंपनी.

शेजारच्या क्युबिकलमधून आवाज आला, "तुमचं चालतंय का हो?"

या प्रश्नावर स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. एकट्याचंच बंद असेल तर तो गुन्हा असतो. माणूस ओशाळतो, केबल हलवतो, पासवर्ड चुकला असेल म्हणून स्वतःला दोष देतो. पण "नाही, माझंही बंद आहे" असं पलीकडून उत्तर आलं की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो तो इन्क्रिमेंटच्या पत्रानेही पसरत नाही. खरेदी विभागातल्या मॅडम उभं राहून म्हणाल्या, "आमचंही बंद!" पगारपत्रकवाल्यांनी हात वर केला. हळूहळू सगळा मजला उभा राहिला. वर्षअखेरीने पिचलेली माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली. दोन वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन सुपरवायझर 'आता काय, सर्व्हरच डाउन' म्हणत एकत्र कॅन्टीनकडे निघाले. टीम बिल्डिंगसाठी कंपनी दरवर्षी लोणावळ्याला रिसॉर्ट घेते. ते काम मी बसल्या जागी केलं होतं.

चाकणला मात्र एवढं खेळीमेळीचं वातावरण नव्हतं. गेटवर सहा ट्रक माल भरून उभे होते. परराज्यात जायचा पन्नास हजारांवरचा माल, त्याला ई-वे बिल पाहिजे. त्यासाठी इनव्हॉइस पाहिजे, आणि इनव्हॉइस निघायला खिडकी पाहिजे. खिडकीत मी बसलेलो. होसूरला निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर गेटच्या फोनवरून थेट माझ्याशी बोलला. "साहेब, नुसता एक कागद द्या ना. त्यावर काही नसलं तरी चालेल."

एवढ्यात आयटीतला मुलगा पळत आला. तो मला काका म्हणतो.

"काका, काय केलंत?"

"मी काही नाही केलं. आपोआप झालं."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. ते आपोआप आलं. माझ्या मुलाने पाचवीत असताना मिक्सरमध्ये खडू फिरवला होता, तेव्हा तोही शब्दशः हेच म्हणाला होता.

आयटीतल्या मुलाने सर्व्हर रिस्टार्ट केला. बारा पंचवीसला सगळं पुन्हा सुरू झालं. कॅन्टीनमधून नाराज चेहरे परतू लागले. मुलाने सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला होता. आमची तक्रार त्यांच्यासाठी किती महत्त्वाची आहे हे सतरा मिनिटं सतारीवर ऐकल्यानंतर पलीकडे एक अत्यंत सौम्य आवाज आला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाच प्रॉब्लेम तुम्हाला पुन्हा करून दाखवता येईल का?"

मुलगा "नको" म्हणायला तोंड उघडतोय तोवर मी दाखवला. स्टार, तारीख, सविस्तर, बटण, बटण, बटण.

"थँक यू," आवाज समाधानाने म्हणाला. "आता आम्हाला कळलं." बरोबर त्याच क्षणी चाकणच्या प्रिंटरमधून होसूरच्या ट्रकचं बिल अर्धं बाहेर येऊन थांबलं होतं. तो ड्रायव्हर तो अर्धा कागद धरून बराच वेळ उभा होता असं मला नंतर सांगण्यात आलं.

इथे प्रकरण मिटलं असतं. पण आमच्याकडे दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी होते, आणि ती नेमकी त्याच महिन्यात होती. तीन जण आले. त्यांची प्रमुख एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. पाठीवर सॅक, लॅपटॉपवर इतके स्टिकर की लॅपटॉप कुठल्या कंपनीचा हे कळू नये. घरफोडी जमते की नाही हे घरमालकाची परवानगी घेऊन, पावती फाडून बघायचं, असा त्यांचा व्यवसाय. चार दिवस त्या तिघांनी आमच्या सॉफ्टवेअरवर बाहेरून नाना प्रकारे हल्ले केले. सॉफ्टवेअर ढिम्म. पाचव्या दिवशी तिने जुन्या नोंदी चाळल्या आणि ती खुर्चीत ताठ बसली.

"३ एप्रिलला आतल्या कुणीतरी चार मिनिटांत तेवीस रिक्वेस्ट टाकून सगळा कनेक्शन पूल संपवलाय. मग सिस्टिम उठायची वाट बघून पुन्हा टाकल्यात. कोण आहे हा?"

मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी डबा खात होतो.

ती माझ्या टेबलाशी आली. "सर, तुम्ही टूल कुठलं वापरलंत?"

"माऊस," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तो मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. मग तिने मला समजावून सांगितलं की मी जे केलं त्याला 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. काही चोरायचं नाही, काही बदलायचं नाही, फक्त दुसऱ्याला सेवा मिळू द्यायची नाही. मी म्हटलं, बाई, याला वेगळं नाव कशाला? बँकेच्या काउंटरवर 'जेवणाची वेळ' अशी पाटी असते, तिला काय म्हणतात? ती म्हणाली, तिथे माणूस करतो. इथे सॉफ्टवेअरमध्ये कच्चा दुवा असतो. कुणी किती मागावं याला मर्यादाच घातलेली नसते.

आठवड्याने अहवाल आला. मला वाटलं होतं माझी नोकरी जाणार. पण अशा अहवालात माणसाचं नाव नसतं, दोषाचं असतं, आणि दोषाला जगभर चालणाऱ्या एका पद्धतीने शून्य ते दहा गुण देतात. तीन कसोट्या असतात. एक, गोपनीयता: काहीही परिणाम नाही. दोन, सचोटी: काहीही परिणाम नाही. तीन, उपलब्धता: संपूर्ण नाश. दुसरी कसोटी आकड्यांच्या सचोटीबद्दल आहे, माझ्या नव्हे, हे मुलाने मला दोनदा सांगितलं. पण इतक्या वर्षांच्या अकाउंट्सच्या नोकरीत 'सचोटीवर काहीही परिणाम नाही' असं छापील कागदावर प्रथमच मिळालं होतं. मी त्या पानाची झेरॉक्स काढून घरी नेली. सौ.ने चष्मा लावून ते पान नीट वाचलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "उपलब्धता शून्य. हे मी लग्नापासून सांगतेय, त्याला इतकी माणसं कशाला लागली?"

आणि गुण किती? दहापैकी साडेसहा. म्हणजे पासष्ट टक्के. बी.कॉम.ला माझे बावन्न होते. आयुष्यात पहिल्यांदा फर्स्ट क्लास मिळाला.

"लॉगिन करून पाडलंत म्हणून साडेसहा, सर," ती मुलगी हळहळत म्हणाली. "लॉगिन न करता, बाहेरून पाडलं असतंत तर साडेसात. सातपासून पुढे 'हाय' गणतात."

साडेसात म्हणजे डिस्टिंक्शन हे माझ्या लगेच ध्यानात आलं. पण आमच्या पिढीला साडेसात हा आकडा ऐकला की आधी शनीच्या देवळात तेल घालावंसं वाटतं. मी साडेसहावर समाधान मानलं.

पुढचे काही दिवस ती मुलगी दुपारच्या चहाला माझ्याच टेबलावर येऊ लागली. माझ्या घराण्याचा इतिहास मला ठाऊक असावा असं तिला वाटत असावं. घराणं मोठं निघालं. १९७४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची कॉम्प्युटरची व्यवस्था होती. तिच्या टर्मिनलला एक ठरावीक आज्ञा दिली की ते बाहेरून जोडलेल्या यंत्राशी बोलू बघायचं, आणि यंत्र जोडलेलंच नसेल तर रुसून बसायचं. वीज बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत बोलायचं नाही. तेरा वर्षांच्या एका शाळकरी पोराने ही आज्ञा एकदम सगळ्यांना पाठवून एका खोलीतली एकतीस टर्मिनल बंद पाडली. का, तर एकदम सगळे बंद पडल्यावर कसं दिसतं ते बघायला. हा मुलगा मला फार जवळचा वाटला. त्याच्या कैऱ्याही नक्की पडत असणार.

मग स्लोलोरिस. हे एका संथ, रात्री हिंडणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या प्राण्याचं नाव. २००९ साली आलेल्या या युक्तीत सर्व्हरवर तुटून पडायचं नसतं. उलट भरपूर खिडक्यांवर जायचं, बोलायला सुरुवात करायची आणि वाक्य पुरं करायचं नाही. थोड्या थोड्या वेळाने एकेक शब्द टाकत राहायचं. सर्व्हर बिचारा सभ्य. समोरचा बोलतोय म्हणून थांबून राहतो. हे ऐकताच मला आमच्याकडून निवृत्त झालेले एक गृहस्थ आठवले. ते पेन्शनच्या चौकशीला येतात. काउंटरवर कोपर टेकतात आणि म्हणतात, "काय आहे, माझं जे ते..." मग चष्म्याची डबी काढतात. "...म्हणजे तुमच्याकडे जे असतं..." मग पिशवीतली पिशवी. अकरा वाजता सुरू झालेलं वाक्य जेवणाच्या सुट्टीत क्रियापदापर्यंत येतं. एकटा माणूस, एकही शिवी नाही, आणि काउंटर बंद.

पण माझं मन जिंकलं ते 'बिलियन लाफ्स'ने. अब्ज हास्यांचा हल्ला! ऑफिसच्या स्नेहसंमेलनात मी दरवर्षी विनोद सांगतो, आजवरचा एकूण हशा दोन. इथे एक अब्ज. फाइल असते एक किलोबाइटपेक्षाही लहान. तिच्यात पहिल्या ओळीत लिहायचं 'लोल', म्हणजे हसणं. दुसऱ्या ओळीत, वरचं हसणं दहा वेळा. तिसऱ्या ओळीत, दुसरी ओळ दहा वेळा. असं नऊ पायऱ्या करत जायचं. माणूस हे वाचून पुढे जाईल. पण कॉम्प्युटर पडला प्रामाणिक, तो प्रत्येक ओळ उलगडून बघतो, आणि शंभर कोटी वेळा हसेपर्यंत त्याची तीनएक गिगाबाइट मेमरी भरून त्याचा श्वास कोंडतो.

"तुम्हाला हे अवघड वाटतंय का, सर?" तिने विचारलं.

अवघड? मी खणातून आमच्या प्रवासभत्त्याचं परिपत्रक काढून दाखवलं. मजकूर दीड ओळीचा: 'भत्ता खालील संदर्भांनुसार देय राहील.' खाली संदर्भ एक ते दहा. त्यातलं प्रत्येक परिपत्रक काढलं की त्यात पुन्हा संदर्भ एक ते दहा. २०११ साली आमच्या एका नव्या क्लार्कने हे सगळं मुळापर्यंत वाचायचं मनावर घेतलं होतं. तो आता नाशिकला स्वतःची रसवंती चालवतो.

तिने परिपत्रकाचा फोटो काढला. टायवाल्यांनंतर आमच्या कागदांचा फोटो काढणारी ती दुसरीच.

तिची आणखी एक गोष्ट मला झोपू देईना. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे जिथे जगभरचे प्रोग्रामर एकमेकांना प्रश्न विचारतात ती साइट, चौतीस मिनिटं बंद पडली. कारण कुणीतरी टाकलेल्या मजकुरात सलग सुमारे वीस हजार रिकाम्या जागा होत्या. ओळीच्या टोकाच्या रिकाम्या जागा छाटायचा नियम होता. प्रोग्राम पहिल्या रिकाम्या जागेपासून मोजत निघाला, वीस हजारांपर्यंत गेला, तर पुढे एक अक्षर. म्हणजे ही जागा टोकाची नव्हे. मग तो दुसऱ्या जागेपासून पुन्हा मोजायला लागला. मग तिसऱ्या. अशी जवळजवळ वीस कोटी वेळा तपासणी. यावर कुणी हसेल, मी हसलो नाही. बँक रिकन्सिलिएशनमध्ये एक रुपयाचा फरक आला की आम्ही काय करतो? पहिल्या एंट्रीपासून. पुन्हा फरक आला की? दुसरा माणूस बसवून पहिल्या एंट्रीपासून. मागच्या वर्षी तो रुपया साहेबांच्या गाडीच्या टोलमध्ये सापडला तेव्हा त्याच्यापायी ओव्हरटाइमचे नऊ हजार झाले होते.

असो. दोष सापडला, गुण मिळाले, आता ठिगळ लावायचं. सॉफ्टवेअर विणणाऱ्यांनी ठिगळांचे वार ठरवून टाकलेत. एसएपीचा दर महिन्याचा दुसरा मंगळवार, ऑरॅकलचे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमधले तिसरे मंगळवार. गणपतीचा वार निवडलाय म्हणजे विघ्नांची कल्पना त्यांनाही असणार. आमच्या सॉफ्टवेअरचं ठिगळही असंच एका मंगळवारी आलं आणि मुलगा ते घेऊन साहेबांकडे गेला.

"साहेब, सिस्टिम कुणी बंद पाडू नये म्हणून हे लावावं लागेल."

"मग लाव की."

"त्यासाठी सिस्टिम सहा तास बंद ठेवावी लागेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे हल्ला झाला तर पाऊण तास बंद, आणि हल्ला होऊ नये म्हणून सहा तास बंद?"

याला उत्तर नव्हतं. तरी कॅलेंडर काढलं. सात तारखेपर्यंत टीडीएस. अकरापर्यंत जीएसटीआर-वन. वीसला थ्री-बी. एकवीसपासून क्लोजिंग, ते पुढच्या महिन्याच्या सातपर्यंत घरंगळत जातं. राहिले बारा ते एकोणीस. त्यात एक शनिवार, एक रविवार, एक साहेबांच्या साहेबांची भेट, आणि उरलेल्या दिवसांत ज्यांची सही लागते ते कोकणात. मुलगा गप्प होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो असा एकदा पोळला आहे. जावाच्या हजारो प्रोग्रामांत पडून असलेल्या लॉगफोरजे नावाच्या एका फुकट तुकड्यात तेव्हा भलंमोठं भोक सापडलं. ठिगळ आलं, लावलं. ते अपुरं निघालं. दुसरं आलं, लावलं. त्यात एक वेडावाकडा मजकूर घातला की प्रोग्राम स्वतःलाच हाका मारत बसतो आणि बंद पडतो असं निघालं. म्हणून तिसरं. सगळं दोन आठवड्यांच्या आत. मुलगा ऑफिसातच झोपायचा आणि त्याची आई मला फोन करून विचारायची, "तो खरंच ऑफिसात आहे ना?"

शेवटी जुलैत एका मध्यरात्री ठिगळ लागलं. आता रिपोर्ट तीन महिन्यांच्या वर निघत नाही. पार्टी कोडमध्ये स्टार दाबला की लाल अक्षरं येतात. बटण एकदा दाबलं की राखाडी होतं आणि कितीही कुरवाळलं तरी पुन्हा उमलत नाही. शिवाय सुरक्षा वाढवायची म्हणून तीन वेळा पासवर्ड चुकला की खातं कुलूपबंद. ते उघडायला अर्ज, त्यावर सही.

हा शेवटचा उपाय आमच्या लोकांना फार आवडला. लॉगिनचं नाव म्हणजे एम्प्लॉयी नंबर, आणि सगळ्यांचे नंबर मस्टरच्या पहिल्या पानावर. पहिल्याच आठवड्यात वसुलीचा आढावा होता त्या दिवशी साहेबांचं खातं सकाळी नऊ वाजताच कुलूपबंद निघालं. आढावा पुढे गेला. नंतर बजेटच्या दिवशी पुन्हा. मुलाने चौकशी केली. कुणीही काही केलं नव्हतं, आपोआप झालं होतं. शिपाई मामांनाही विचारलं. ते म्हणाले, "मी कशाला करीन? मला फक्त दोनदाच जमलं, तेवढ्यात कुणीतरी तिसऱ्यांदा केलं होतं."

या गडबडीत त्या तपासणीवाल्या मुलीचं बिल राहून गेलं होतं. मे महिन्यात आलेलं बिल ऑगस्ट उजाडला तरी माझ्या ट्रेमध्ये. का, याला कारण नाही. बिल आल्या आल्या द्यायचं नसतं, एवढं आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तिचा फोन आला. आवाजात अजून तोच आदर.

"सर, आमच्या पेमेंटचं..."

आणि माझ्या तोंडून तीस वर्षांच्या सवयीने निघून गेलं, "काय सांगू मॅडम, सिस्टिम डाउन आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग टकटक आवाज.

"सर, तुमचं लॉगिनचं पान माझ्यासमोर उघडं आहे. चालू आहे."

मी "पाहतो, पाहतो" म्हणून फोन ठेवला. अंगाला दरदरून घाम फुटला. बिल उशिरा दिल्याचं दुःख नव्हतं. पण हिनेच, हिच्याच सहीने, सचोटीवर काहीही परिणाम नाही असं लिहून दिलं होतं. त्या ओळीला आता धक्का लागत होता. तो लागू द्यायचा नसेल तर माझं बोलणं खरं ठरायला हवं होतं, तेही ती पुन्हा फोन करायच्या आत.

मी मुलाला हाक मारली. शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "अरे, ते रिपोर्टचं जुनं पान, ठिगळ लावण्याच्या आधीचं, कुठे शिल्लक आहे का रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. ट्रेमधल्या बिलाकडे बघितलं. मग काही न बोलता वाकला, माझ्या नंबरपॅडवरची ती झिजलेली स्टारची कळ नखाने उचकटून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकून निघून गेला. कुणीतरी कुणाची तरी कळ काढण्याचा इतका शांत प्रकार मी आजवर पाहिला नव्हता.

आठच्या आकड्याच्या डोक्यावरही एक स्टार असतो, हे बहुधा त्याच्या लक्षात आलं नसावं.